भरणारा भाऊ, चालवणारा भाऊ

आजोबांच्या पिढीत आमच्या घरातले दोघे भाऊ पोटासाठी माण तालुक्यातून बाहेर पडले. थोरले म्हणजे माझे आजोबा. ते ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून चढले आणि पुढं ड्रायव्हर झाले. धाकटे तात्या मुंबईत मशीद बंदरला हमालांच्या टोळीत गेले. दुष्काळी भागातल्या पुष्कळ घरांनी आपली तरणी माणसं अशीच वाटून दिली होती.

आजोबांच्या गोष्टी घाटांच्या नावांनी चालायच्या. खंबाटकी, कात्रज, बोरघाट. तेव्हाच्या टाटाच्या गाड्यांवर मर्सिडीजचा तारा असे. पॉवर स्टिअरिंग नव्हतं, भरल्या गाडीला वळण द्यायचं तर अंगातलं सगळं बळ लागे. पण त्यांच्या बोलण्यात घाटापेक्षा जास्त वेळा यायचा तो जकात नाका. मुंबईच्या वेशीवर रांगेत गाडी अडकली की दिवस जायचा, आणि त्या दिवसाचं काही मिळायचं नाही. "चाकं फिरली तरच पैका," ते सांगायचे. पगार नावाला, खरा आधार खेपेमागच्या भत्त्याचा. जेवण त्यातून, पंक्चर त्यातून, नाक्यावरची चिरीमिरीही त्यातूनच. उरेल ते घरी. ताडपत्री फाटून माल भिजला तर नुकसान पगारातून वळतं व्हायचं, म्हणून आधी घेतलेली उचल कधी फिटायचीच नाही. शेवटी नजर अधू झाली तेव्हा मालकानं किल्ली काढून घेतली. हिशेब एवढाच झाला.

तात्यांची सुरुवात याहून बरी नव्हती. मुकादम देईल ती मजुरी. सकाळी एका व्यापाऱ्याची पोती, दुपारी दुसऱ्याची, मग यांचा मालक कोण? कुणीच नाही, असंच बाजाराचं उत्तर होतं. कामगार नेते अण्णासाहेब पाटलांनी या विखुरलेल्या पाठी एका संघटनेत आणल्या, मोर्चे निघाले, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मालक ठरवण्याच्या वादात तो अडकला नाही, हे त्याचं मोठेपण. ज्याचा माल असेल त्यानं मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, कायद्यानं नेमलेल्या बोर्डात भरायची. बोर्डानं नोंदलेल्या कामगाराला मजुरी द्यायची आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना पाहायचा. तात्या थकून गावी परतले ते फंडाचे पैसे घेऊन. एका आईची दोन लेकरं, माल तोच, गाडीही तीच. गाडी भरणाऱ्याला म्हातारपण मिळालं, चालवणाऱ्याला नाही. माझ्या आजीनं हे दुःख कधी बोलून दाखवलं नाही, पण आमच्या घरात ते सगळ्यांना माहीत होतं.

ड्रायव्हरसाठी कायदा नव्हता असं नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास होते, जादा कामाला दुप्पट मजुरी होती. पण तो लागू व्हायचा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. आपल्याकडे एका-दोन गाड्यांचे मालक गावोगाव आहेत. त्यांचे ड्रायव्हर तिथंच बाहेर पडले.

जानेवारी २०२४ मध्ये काय घडलं ते आठवा. अपघातात कुणाचा जीव गेला आणि पोलिसांना न कळवता ड्रायव्हर पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत कैद, अशी नव्या न्यायसंहितेतली तरतूद आली आणि ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळ पानेवाडीत टँकर थांबले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. दोन दिवसांत दिल्लीत बोलणी झाली, ती ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसशी, म्हणजे वाहतूकदारांच्या संघटनेशी. तिला विचारल्याशिवाय कलम लागू करणार नाही, असं सरकारनं सांगितलं. तुरुंगाची भीती ड्रायव्हरची, संप ड्रायव्हरचा, आणि बोलण्यांच्या खुर्चीवर वाहतूकदार! ड्रायव्हरांची एकच, स्वतःची, मोठी संघटना हवी हे मला त्या दिवशी पुरतं पटलं. त्या संपात पगाराची, भत्त्याची गोष्ट निघालीच नाही. ती काढणारं तिथं कुणी नव्हतं.

एकगाडीवाल्या मालकाला मी दोष देत नाही. भाडं त्याच्या हातात नसतं, पुष्कळदा तो स्वतःच चालवतो. म्हणूनच ड्रायव्हरच्या सुरक्षेचा भार माथाडीसारखा माल पाठवणाऱ्यावर यावा. माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारे निघाले, हे खरं आहे, त्यांना पकडावं. पण त्यापायी बोर्डाची कल्पना खोटी ठरत नाही. सुरक्षारक्षकांसाठी १९८१ मध्ये महाराष्ट्रानं तीच वापरली.

ड्रायव्हरच्या खेपांची नोंद कशी ठेवणार, असं आता कुणी विचारू नये. २०१८ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं. माल कुणाचा, कुठून कुठं, किती किमतीचा, सगळं त्यात असतं. गाडीचा नंबर असतो, ड्रायव्हरचं नाव नसतं. ते नाव तिथं यावं, त्यासमोर खेपेची लेव्ही पडावी, थांबलेल्या दिवसाचा भत्ता लागावा. ड्रायव्हरांच्या नव्या संघटनेनं पहिली मागणी हीच करावी, आणि पहिली सभा पानेवाडीलाच घ्यावी.