लाकडावर चालणारा ट्रक आणि त्याचा फिल्टर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या देशात कोळशावर मोटारी चालत असत, हे आता फार थोड्यांना ठाऊक असेल. आमचे आजोबा त्या प्रवासाचे वर्णन करीत. गाडीच्या पाठीशी लोखंडी भट्टी, पहाटे क्लीनर हाताने पंखा फिरवून निखारे फुलवी, आणि चढ लागला की उतारू खाली उतरून चालू लागत. भारतात १९४१ साली पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तेथील तेलही बंद झाले. लाकूड वा लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत जाळून निघणाऱ्या वायूवर इंजिन चालविण्याची विद्या त्या अडचणीत कामास आली.

या विषयावर लिहिणारे बहुधा भट्टीचे कौतुक करतात. माझ्या मते प्रशासनाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद भाग भट्टीचा नसून फिल्टरचा आहे.

या बाबतीत स्वीडनचा अनुभव सर्वांत तपशीलवार नोंदलेला आहे. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व नॉर्वे व्यापले आणि स्वीडनचा पश्चिमेकडील सागरी व्यापार तुटला. देशात तेल नव्हते, पण जंगल अमाप होते. पुढील काही वर्षांत तेथे सत्तर हजारांहून अधिक वाहने लाकडाच्या वा कोळशाच्या वायूवर धावू लागली.

भट्टीतून निघणारा वायू गरम व मळका असतो. त्यात राख, काजळी, पाण्याची वाफ आणि, लाकूड नीट जळले नसेल तर, डांबर असते. राख सिलिंडरात गेली की पॉलिश पेपरासारखी पिस्टनच्या रिंगा घासते. डांबर झडपांवर चिकटते आणि रात्री इंजिन थंड झाले की घट्ट होते. सकाळी झडप जागची हलत नाही. म्हणून वायूला क्रमाने शुद्ध करावे लागे. प्रथम तो एका उभ्या नळकांड्यात भोवऱ्यासारखा फिरविला जाई, म्हणजे जड धूळ खाली बसे. मग कूलरमध्ये तो थंड होई व पाणी सुटे. शेवटी बुचाचे तुकडे, लाकडाचा भुगा किंवा कापड अशा बारीक गाळणीतून तो इंजिनाकडे जाई.

कापडी फिल्टर सर्वांत चांगला गाळी, पण फार नाजूक. वायू जास्त गरम असेल तर सुती कापड करपे. जास्त थंड झाला तर वाफेचे पाणी होऊन कापड भिजे, त्यावर काजळीचा लगदा बसे आणि इंजिनाचा श्वास कोंडे. ट्रकची ताकद पेट्रोलच्या मानाने आधीच तृतीयांशाने किंवा त्याहून अधिक घटलेली असे. त्यात फिल्टर तुंबला की भरलेली गाडी चढावर उभीच राही.

म्हणून चालकाचा दिवस स्टिअरिंगपाशी सुरू होत नसे. भट्टीच्या तळाची राख काढणे, धुळीचे पात्र रिकामे करणे, कूलरखाली साठलेले काळे पाणी सोडणे ही रोजची कामे. बुचाचे तुकडे वरचेवर धुवायचे, कापड झटकायचे, झाकणाखालची दोरी झिजली तर बदलायची. हेही गाडी थंड झाल्यावर आणि उघड्या जागी. गरम फिल्टर उघडला तर आत हवा शिरून भडका उडे. त्याहून मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. लाकडाच्या वायूत त्याचे प्रमाण सुमारे पाचवा हिस्सा असते. त्याला रंग नाही, वास नाही. इंजिन चालू असताना ते वायू ओढून घेते, त्यामुळे फटीतून हवा आत जाते. इंजिन थांबले की उरलेला वायू त्याच फटीतून बाहेर पडतो. बंद गॅरेजात हे मरणाला आमंत्रण होते. फिनलंडमध्ये या भट्टीला लोकांनी नावच दिले होते ‘विषारी वायूचे पिंप’.

१९४५ नंतर पेट्रोल परत आले आणि स्वीडिश चालकांनीही भट्ट्या भराभर उतरवून टाकल्या. फिल्टर धुण्याची हौस कोणालाच नसते. परंतु तेथील राज्यव्यवस्थेने दोन गोष्टी केल्या. १९५० साली तेथील अभियांत्रिकी अकादमीने युद्धकाळातील सारा अनुभव, चुकांसकट, ग्रंथरूपाने छापला. १९५७ साली सरकारने पुन्हा संशोधन सुरू केले. त्यातून सुती कापडाऐवजी अधिक उष्णता सोसणारे काचतंतूंचे कापड फिल्टरसाठी पुढे आले. १९७३ च्या तेलसंकटानंतर जगाने हा विषय पुन्हा हाती घेतला तेव्हा त्या स्वीडिश ग्रंथाचा १९७९ साली अमेरिकेत इंग्रजी अनुवाद झाला.

आपल्याकडे १९८७ साली केंद्र शासनाने लहान गॅसिफायर व सिंचन पंप अनुदानावर देण्याचा कार्यक्रम आखला. त्या सुमारास मी पूर्वेकडील एका राज्यात नव्याने रुजू झालो होतो. एका गावी अशा संचाची तपासणी करण्यास गेलो असता इंजिन सुरेख चालत होते, पाणी वाहत होते. मी नोंदवहीत ‘संच कार्यरत’ असा शेरा लिहिला आणि सही केली. निघताना शेतकऱ्याच्या मुलाने सहज सांगितले, “साहेब, भट्टी पेटवत नाही. गाळणी चोंदते, हात काळे होतात. डिझेलवर चालते ना!” मी फिल्टरचे झाकण उघडले नव्हते. शेरा मात्र मी बदलला नाही. जीप सुरू झाली होती आणि पुढचे गाव दूर होते. त्या सहीची बोच आजही आहे.

पुढे झालेल्या मूल्यमापनांत हेच आढळले, की स्वस्तात डिझेल इंजिन मिळते म्हणून अनेकांनी हे संच घेतले होते. याउलट कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात होसहळ्ळी या खेड्यात भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ साली बसविलेला गॅसिफायर अनेक वर्षे गावाला दिवे व पाणी देत राहिला. तेथे संस्थेची माणसे संच बसवून निघून गेली नाहीत, आणि संच चालविण्याचे काम गावातल्याच हातांना शिकविले गेले.

युद्धकाळातील चालक फिल्टर साफ करी, कारण त्याला पर्यायच नव्हता. आमच्या शेतकऱ्याला पर्याय होता आणि त्याने तो निवडला. त्यात त्याचा दोष नाही. जेथे गरजेचा धाक नाही तेथे देखभालीची व्यवस्था शासनानेच उभी करावी लागते. झाकण कोण उघडेल, त्याला कोण शिकवील, सुटे कापड कोठे मिळेल आणि त्या काळ्या हातांची मजुरी कोण देईल, हे योजनेच्या पहिल्या पानावरच असले पाहिजे. आपण बसविलेले संच मोजले, धुतलेले फिल्टर कधी मोजले नाहीत.

त्यानंतरच्या सेवेत कोणत्याही यंत्राच्या तपासणीस गेलो की मी आधी त्याचे झाकण उघडावयास सांगत असे. हाताखालच्या लोकांना तो साहेबाचा विक्षिप्तपणा वाटे. त्याचे कारण मी कधी सांगितले नाही. आज सांगितले.