परळीची वीज आणि मराठवाड्याचे पाणी

तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज वाहते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले. आजची जनित्रेही याच तत्त्वावर चालतात. प्रश्न असतो तो चुंबक फिरवणार कोण, एवढाच.

बीड जिल्ह्यातील परळीच्या औष्णिक केंद्रात ३० मेगावॅटचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. तिथे कोळशाच्या आचेवर पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते आणि टर्बाइन जनित्राचा चुंबक, मिनिटाला ३००० फेऱ्यांनी. वापरलेली वाफ थंड करायलाही पुन्हा पाणीच लागते.

२०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्र बंद करावे लागले. आपण तिला कोळशाची वीज म्हणतो. पण तहानलेल्या गावांच्या वाट्याचे पाणीही तिच्यात खर्ची पडते. विजेच्या हिशेबात ते कधी धरणार?