न आलेली साथ आणि तिचा खर्च

सरकारी खर्चाचा हिशेब मागणें हा कर देणाऱ्या प्रजेचा हक्क आहे, आणि पुष्कळ बाबतींत तो बजावणें सोपेंही असतें. पुलासाठीं पैसे घेतले असतील तर पूल दाखवा, असें म्हणतां येतें. परंतु साथीच्या रोगाविरुद्ध केलेल्या खर्चाची गोष्ट निराळी आहे. साथ येऊन माणसें मेलीं, तर पैसा कमी खर्चिला म्हणून सरकार दोषी. आणि साथ आलीच नाहीं, तर पैसा पाण्यांत घातला म्हणूनही सरकारच दोषी. १९७६ सालीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचें सरकार या दुसऱ्या आरोपाच्या पिंजऱ्यांत उभें राहिलें. त्या प्रकरणाची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

न्यू जर्सी संस्थानांत फोर्ट डिक्स नांवाची लष्करी छावणी होती. १९७६ च्या जानेवारींत तेथें नव्यानें भरती झालेल्या शिपायांमध्यें सर्दीतापाचा उपद्रव सुरू झाला. एक १९ वर्षांचा शिपाई आजारी असतांही रात्रीच्या पांच मैलांच्या कुचींत सामील झाला, कोसळला, आणि ४ फेब्रुवारीस मरण पावला. अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्रानें तपासणी केली तेव्हां असें आढळून आलें कीं, त्याला झालेला इन्फ्लुएंझा नेहमींच्या जातीचा नसून डुकरांमध्यें आढळणाऱ्या जातीचा होता. पुढील तपासांत त्याच छावणींतील दोनशेंहून अधिक शिपायांना या विषाणूचा संसर्ग होऊन गेल्याचें दिसलें. मृत्यु मात्र हा एकच.

एका शिपायाच्या मृत्यूनें एवढें बलाढ्य सरकार हादरावें, हें चमत्कारिक वाटेल. पण या विषाणूच्या मागें १९१८ सालचें भूत उभें होतें. त्या वर्षीं जूनमध्यें मुंबई बंदरांत उतरलेल्या आणि पावसाळ्यानंतर दुप्पट जोरानें उलटलेल्या इन्फ्लुएंझानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. आपल्या खेड्यांतून 'मानमोडी' या नांवानें तिची आठवण पुष्कळ वर्षें निघत असे. खुद्द अमेरिकेंत त्या साथीनें साडेसहा लाखांहून अधिक बळी घेतले. पुढें १९३१ च्या सुमारास रिचर्ड शोप या संशोधकानें डुकरांमधील इन्फ्लुएंझाचा विषाणु वेगळा काढला, आणि १९१८ च्या साथींतून वांचलेल्या माणसांच्या रक्तांत त्या विषाणूला विरोध करणारीं प्रतिद्रव्यें सांपडलीं. तेव्हां १९१८ चा शत्रु माणसांतून निघून डुकरांत दडून बसला आहे, अशी विद्वानांची समजूत झाली होती. पन्नाशीच्या आंतील बहुतेक अमेरिकनांच्या अंगीं त्याविरुद्ध कांहींच संरक्षण नव्हतें. शिवाय १९५७ व १९६८ या दोन्ही सालीं जागतिक साथी आल्या, आणि दोन्ही वेळीं लस तयार होऊन लोकांपर्यंत पोंचली तोंवर साथीचा मुख्य भर येऊन गेला होता. या वेळीं प्रथमच महिन्यांचा अवधि हाताशीं होता.

रोगनियंत्रण केंद्राचे संचालक डॉ. डेव्हिड सेन्सर यांनीं मार्चमध्यें सरकारला एक टिपण सादर केलें. त्याचा मथितार्थ असा कीं, निष्कारण झालेला खर्च सरकारला सोसेल, पण निष्कारण झालेले मृत्यु सोसणार नाहींत. हा युक्तिवाद इतका सरळ आहे कीं, त्याला नाहीं म्हणण्याचें धैर्य राज्यकर्त्याला सहसा होत नाहीं. २४ मार्च रोजीं अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनीं तज्ज्ञांची बैठक बोलाविली. पोलिओची लस शोधणारे साल्क आणि सेबिन हे दोघे प्रतिस्पर्धी त्या बैठकींत एका बाजूनें बोलले, हेंही एक नवलच. त्याच सायंकाळीं त्या दोघांना शेजारीं उभें करून अध्यक्षांनीं दूरचित्रवाणीवर जाहीर केलें कीं, देशांतील प्रत्येक स्त्री, पुरुष व मूल यांना लस टोचण्यांत येईल, आणि त्याकरितां कायदेमंडळाकडे १३ कोटी ५० लाख डॉलरांची मागणी करण्यांत येत आहे. ही रक्कम एप्रिलमध्यें मंजूर झाली. ते वर्ष अध्यक्षीय निवडणुकीचें होतें. बैठकीच्या आदल्याच दिवशीं नॉर्थ कॅरोलायनांतील पक्षांतर्गत निवडणुकींत फोर्ड यांना रेगन यांच्याकडून हार खावी लागली होती. त्यामुळें हें सारें मतांसाठीं चाललें आहे, अशी कुजबूज पहिल्या दिवसापासून झाली. मला स्वतःला ती खरी वाटत नाहीं. मतें मिळविण्यासाठीं सुमारें एकवीस कोटी लोकांच्या दंडांत सुई खुपसण्याची योजना कोणताही व्यवहारी मुत्सद्दी काढणार नाहीं.

पुढचा मार्ग मात्र खांचखळग्यांचा निघाला. लस वाढवितात ती कोंबडीच्या फलित अंड्यांत; अंड्यांचा पुरवठा झाला, पण एका कारखान्यानें लाखों मात्रा चुकीच्या विषाणूपासून तयार केल्याचें उघडकीस आलें. चांचणींत असें दिसलें कीं, लहान मुलांना एक मात्रा पुरत नाहीं. इंग्लंडांत कांहीं स्वयंसेवकांना या विषाणूची मुद्दाम बाधा करून पाहिली, तर आजार सौम्य निघाला. जगांतील बहुतेक देशांनीं नुसतें लक्ष ठेवण्याचें धोरण स्वीकारलें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे फोर्ट डिक्सच्या कुंपणाबाहेर हा रोग कोठेंच फैलावला नाहीं. सेबिन यांनीं तेव्हां आपलें मत बदललें: लस करून साठवून ठेवा, रोग दिसला तर टोंचा.

विमा कंपन्यांनीं तर अंगच काढून घेतलें. कोट्यवधि लोकांना टोंचल्यावर कांहीं तरी अपाय होणारच, आणि अमेरिकेंत अपाय झाला म्हणजे फिर्याद ठेवलेली. ती जोखीम घेण्यास त्या तयार होईनात, आणि विम्याखेरीज कारखानदार लस देईनात. कायदेमंडळ घुटमळत होतें. इतक्यांत जुलैच्या अखेरीस फिलाडेल्फिया येथें निवृत्त सैनिकांच्या मेळाव्याला आलेले लोक कसल्याशा गूढ न्यूमोनियानें मरूं लागले. हा डुकराचा इन्फ्लुएंझा नव्हे, असें ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत सिद्धही झालें; (तो एका नव्याच जंतूचा प्रताप होता, हें पुढें कळलें;) पण भीतीनें आपलें काम तोंवर केलें होतें. नुकसानभरपाईचे दावे कारखानदारांऐवजीं मध्यवर्ती सरकारवर चालतील, असा कायदा झाला आणि १२ ऑगस्टला अध्यक्षांची सही झाली. ज्या साथीचा त्या कायद्याशीं कांहीं संबंध नव्हता, तिनें तो मंजूर करून घेतला!

१ ऑक्टोबरला टोंचणी सुरू झाली. ११ तारखेस पिट्सबर्ग येथें एकाच केंद्रावर लस घेतलेले तीन वृद्ध मरण पावले. तिघेही हृदयविकाराचे रोगी होते. लाखों वृद्धांना लस दिली, तर त्यांतील कांहीं जण कालमानानें त्याच दिवशीं जाणारच, हा साधा हिशेब आहे. पण तो आधीं सांगितला तर हिशेब ठरतो, मागाहून सांगितला तर सबब ठरते. सरकारनें तो आधीं पुरेसा सांगितला नव्हता. कित्येक संस्थानांनीं काम थांबविलें. १४ ऑक्टोबरला अध्यक्षांनीं सदऱ्याची बाही वर करून छायाचित्रकारांसमोर स्वतः लस टोंचून घेतली आणि टोंचणी पुन्हां चालू झाली. २ नोव्हेंबरच्या निवडणुकींत ते पडले, त्याचीं कारणें अर्थात् दुसरीं होतीं.

खरा आघात नोव्हेंबरांत झाला. लस घेतलेल्यांपैकीं कांहींना हातापायांतील शक्ति जाण्याचा, गुइलेन-बॅरे नांवाचा विकार झाल्याच्या बातम्या मिनेसोटापासून येऊं लागल्या. २०२५ च्या आरंभीं पुण्यांत या विकाराचा उद्रेक झाल्यामुळें हें नांव आपल्याकडे आतां परिचित आहे. प्रमाण लहान होतें: लाख लोकांमागें सुमारें एक अधिक रोगी. साथ दारांत उभी असती, तर हा धोका कोणीही पत्करला असता. साथच नाहीं म्हटल्यावर मात्र तागडीच्या दुसऱ्या पारड्यांत ठेवावयास कांहींच उरलें नाहीं. १६ डिसेंबरला मोहीम तहकूब झाली. तोंवर चार कोटींहून अधिक लोकांना लस मिळाली होती, आणि पुढें सरकारवर चार हजारांहून अधिक दावे आले.

जन्मभर गणिताच्या वह्या तपासल्यामुळें मला एक संवय जडली आहे. उत्तर जुळलें म्हणून पूर्ण गुण द्यावयाचे नाहींत, आणि चुकलें म्हणून शून्यही द्यावयाचें नाहीं; रीत पाहावयाची. त्या रीतीनें पाहतां मार्चमधील लस तयार करण्याचा निर्णय मला योग्यच वाटतो. लस बनविण्यास महिने लागतात, आणि साथ येईपर्यंत थांबणें म्हणजे १९५७ व १९६८ ची पुनरावृत्ति करणें होय. चूक झाली ती निराळ्या पायरीवर. लस करणें आणि लस टोंचणें हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. सरकारनें ते एकाच ठरावांत आणि एकाच भाषणांत बांधून टाकले. त्यामुळें उन्हाळाभर रोगाचा मागमूस नसतांही थांबून पुन्हां विचार करण्याची जागाच उरली नाहीं. साठवून ठेवा म्हणणाऱ्यांचें सरकारनें मनावर घेतलें नाहीं, कारण साथ सुरू झाल्यावर कोट्यवधींना टोंचण्यास वेळ मिळणार नाहीं, असें अधिकाऱ्यांचें म्हणणें होतें. तें म्हणणें खोटें नव्हतें. पण जून, जुलै, ऑगस्ट या तिन्ही महिन्यांत तें नव्यानें तपासून पाहावयास हवें होतें.

कार्टर यांच्या नव्या सरकारांतील आरोग्यमंत्री जोसेफ कॅलिफॅनो यांनीं १९७७ च्या फेब्रुवारींत सेन्सर यांना पदावरून दूर केलें. मौज अशी कीं, वृद्धांसाठींच्या लशींत डुकराच्या इन्फ्लुएंझाबरोबर त्या हंगामांत खरोखर फिरणाऱ्या व्हिक्टोरिया जातीच्या इन्फ्लुएंझाचीही मात्रा मिसळलेली होती. एक बंद केल्यानें दुसरीही बंद पडली होती. मायामींतील वृद्धाश्रमांत व्हिक्टोरिया इन्फ्लुएंझा निघाल्यावर त्याच फेब्रुवारींत मंत्र्यांना त्या लशीवरील बंदी उठवावी लागली, आणि अशा प्रसंगीं सरकारनें कसें वागावें याचा अभ्यास त्यांनीं हार्वर्डच्या दोन विद्वानांकडे सोंपविला. तो १९७८ सालीं प्रसिद्ध झाला.

सेन्सर यांनीं आपला पक्ष शेवटपर्यंत सोडला नाहीं. तीस वर्षांनीं, २००६ सालीं, एका सहकाऱ्यासह लिहिलेल्या लेखांत त्यांनीं पुन्हां तेंच सांगितलें कीं, जीवांचा प्रश्न असतां कमी करण्यापेक्षां अधिक केल्याची चूक पत्करावी. २०११ सालीं ते वारले. त्यापूर्वींच २००९ सालीं डुकरांतील विषाणूंपासून उद्भवलेला एक नवा इन्फ्लुएंझा जगभर पसरला. भारतांतील त्याचा पहिला बळी पुण्यांत पडला. तेव्हां १९७६ सालीं टोंचून घेतलेल्या कांहीं अमेरिकन वृद्धांचें रक्त तपासण्यांत आलें, तर त्यांत या नव्या विषाणूला अडविणारीं प्रतिद्रव्यें सांपडलीं.