चाके नसलेले विमान

कोल्हापुरास समुद्र नाही, आणि रंकाळ्यावर कधी विमान उतरल्याचे कोणी ऐकलेले नाही. असे असता युद्धकाळातील एका सागरी विमानाच्या प्लॅस्टिक मॉडेलविषयी या शहरात का बोलावे, असा प्रश्न कोणीही करील. त्याचे उत्तर वळिवड्याच्या वाटेवर आहे. तेथे आपण शेवटाकडे जाऊ.

प्रथम मॉडेलविषयी. लहान मुलांचा खेळ म्हणून त्याकडे पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु १९४२ साली अमेरिकेच्या आरमाराने देशभरातील शाळांकडून पाच लाख लाकडी मॉडेले मागविली, ती काही खेळावयास नव्हेत. आपले विमान कोणते व शत्रूचे कोणते हे सैनिकांस क्षणात ओळखता यावे म्हणून. त्यांचे प्रमाण बहात्तरास एक असे होते. सहा फुटी माणूस या प्रमाणात एक इंचाचा होतो, आणि पस्तीस फुटांवर धरलेले मॉडेल जवळजवळ अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढे दिसते. युद्धानंतर हेच प्रमाण प्लॅस्टिकच्या संचांनी उचलले. त्या कामात परके असे आपणांस काही वाटू नये. शिवाजी उद्यमनगरात ज्याने फौंड्रीचे पॅटर्न पाहिले आहेत, त्यास साच्याच्या दोन अर्धांचा सांधा कोठे येतो हे सांगावे लागत नाही. संचातील विमानाचे धडही असेच दोन अर्धांत येते. त्याचा गोंद म्हणजे डिंक नव्हे. तो प्लॅस्टिकच्या कडा विरघळवतो आणि दोन्ही अर्ध एकजीव होतात. मग लांबी भरावयाची, पाण्याचा पॉलिशपेपर फिरवावयाचा, आणि पावसाळ्यात रंग देण्याचा मोह आवरावयाचा; दमट हवेत रंगाची झळाळी जाते.

आम्ही घेतलेला संच कॅटलिना नावाच्या अमेरिकन विमानाचा. दोन इंजिने, एकशे चार फुटांचे पंख – मॉडेलात सुमारे सतरा इंच – आणि खाली बोटीसारखे धड. या धडाच्या तळाला मध्यावर एक पायरी असते. ती चुकून राहिलेली खाच नव्हे. वेग वाढला की विमान पाण्यावर घसरू लागते. परंतु तळ सलग असेल तर पाणी त्यास धरून ठेवते. पायरीपाशी ती पकड तुटते, हवा शिरते आणि विमान सुटते. पॉलिशपेपर फिरविताना ही कड बोथट झाली तर विमानाचा प्राणच गेला असे आम्ही समजतो.

खरी अडचण पुढेच आहे. पेटीवर लिहिलेले असते ‘कॅटलिना’. पण कोणती, आणि कोणत्या दिवशीची? आम्ही ठरविली ती ४ एप्रिल १९४२ ची. त्या दिवशी कॅनडाच्या हवाई दलातील लिओनार्ड बर्चल हा वैमानिक सिंहलद्वीपातील कोग्गल सरोवरावरून टेहळणीस निघाला. तो त्या बेटावर येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. सायंकाळच्या सुमारास, बेटापासून शेकडो मैल दूर, त्यास जपानी आरमार दिसले. ॲडमिरल नागुमोच्या पाच विमानवाहू नौका त्यात होत्या. बिनतारी यंत्रावरून खबर जात असतानाच जवळजवळ दुप्पट वेगाच्या झीरो विमानांनी त्यास गाठले. नऊ जणांपैकी तिघे मेले. सहा जण युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले.

बर्चलला पुढे ‘सिंहलद्वीपाचा तारणहार’ म्हणू लागले. आमच्या मते ही पदवी थोडी ढगळ आहे. खबर मिळूनही दुसऱ्या दिवशी सकाळी कोलंबोत ब्रिटिशांची लढाऊ विमाने जमिनीवरच गाठली गेली. डॉर्सेटशायर व कॉर्नवॉल या क्रूझर त्याच दिवशी बुडाल्या. ६ एप्रिलला विशाखापट्टणम् व काकिनाड्यावर बाँब पडले, तर ९ तारखेस हर्मिस ही विमानवाहू नौका गेली. तरी कोलंबो बंदरातील बरीच जहाजे खबरीमुळे आधीच बाहेर काढता आली, एवढे श्रेय त्या नऊ जणांचे आहेच.

आता आमच्या संचातील विमानास चाके होती. बर्चलच्या विमानास ती नव्हती. ते पाण्यावरून उठे व पाण्यावरच बसे. तेव्हा बाजूंच्या चाकांच्या खोबणी व नाकाखालची दारे बुजविणे आले. हे करताना ध्यानात येते की चाके नसणे हे त्या काळी उणेपण नव्हते. धावपट्ट्या थोड्या होत्या, सरोवरे व खाड्या पुष्कळ. १९३८ पासून इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मार्गावरच्या उडत्या बोटी आपल्या देशात मेवाडच्या राजसमंदावर आणि ग्वाल्हेरच्या तलावावर उतरत. राजाराम महाराजांनी १९३९ साली कोल्हापूरचा विमानतळ बांधला, तो मात्र जमिनीवर, आणि काळाचा कल त्यांनी बरोबर ओळखला असे म्हणावे लागेल. युद्धाने जगभर इतक्या धावपट्ट्या बांधल्या की युद्ध जिंकण्यास हातभार लावणाऱ्या उडत्या बोटींचा उपयोगच मागे पडला.

आणि वळिवडे? १९४३ साली तेथे पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली, सुमारे पाच हजारांची, बहुतेक बायका व मुले. १९४८ पर्यंत ती होती. महावीर उद्यानात तिचे स्मारक आहे. ही मंडळी इराणातून बोटीने कराचीस आली व तेथून आगगाडीने कोल्हापुरास. ज्या समुद्रातून ती आली, त्यात त्याच वर्षी जर्मन पाणबुड्या शिरल्या होत्या. त्या समुद्राची टेहळणी कराचीजवळच्या कोरंगी खाडीतून व कोग्गलहून कॅटलिना करीत होत्या. एप्रिल १९४२ मध्ये सिंहलद्वीप पडले असते, तर इराणकडचा हा जलमार्ग किती दिवस उघडा राहिला असता, याचा विचार वळिवड्याच्या बाजूने जाताना अवश्य करावा.

मॉडेलाचे एक काम राहिले. चाके बुजविल्यावर ते फळीवर सरळ बसत नाही. पंखाच्या टोकावरील तरंगत्या पिंपावर एका अंगास कलते. खऱ्या विमानाचेही तसेच होते. त्यास किनाऱ्यावर घ्यावयाचे तर माणसे पाण्यात उतरून धडास सुटी चाके जोडीत, मग दोराने वर ओढीत. आम्ही संचातून उरलेल्या चाकांचीच तशी एक गाडी करून दिली आहे.