प्रमाणपत्राला मुदत का असते? सीपीआरच्या बदलत्या धड्यांचा इतिहास

१/ आपत्कालीन वैद्यकीय प्रशिक्षणाकडे अनेक वर्षांनी परतणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो जुन्या प्रमाणपत्राचा. सीपीआरचे प्रमाणपत्र साधारणतः दोन वर्षांतच कालबाह्य होते. एकदा शिकलेली विद्या पुन्हा का शिकावी? याचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात आहे.

२/ विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडवर्ड शेफर यांनी सांगितले, की बुडालेल्या माणसाला पालथे निजवावे आणि त्याच्या खालच्या बरगड्यांवर पाठीमागून तालात दाब द्यावा. १९३२ मध्ये डॅनिश सेनाधिकारी होल्गर नील्सन यांनी पाठीवरील दाबाला हात उचलण्याची जोड दिली. प्रथमोपचार करणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हेच धडे गिरवले.

३/ १९५० च्या दशकात बाल्टिमोर येथे पीटर सफार यांनी या पद्धती पारखल्या. औषधाने ज्यांचा श्वास तात्पुरता थांबवला होता, अशा स्वयंसेवकांवर हे प्रयोग झाले. बेशुद्ध माणसाचा श्वासमार्गच बंद होत असल्याने पाठ कितीही दाबली तरी पुरेशी हवा आत जात नाही, असे आढळले. उपाय होता डोके मागे झुकवून तोंडाने श्वास देण्याचा. पालथे निजवायला शिकलेल्या हातांना आता रुग्णाला उताणे करायचे होते.

४/ १९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी दाखवून दिले, की छाती न उघडता केवळ बाहेरून दाब देऊनही रक्ताभिसरण चालू ठेवता येते. त्यापूर्वी थांबलेले हृदय चालवणे हे छाती उघडणाऱ्या शल्यविशारदाचे काम होते. आता ते रस्त्यावरच्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. दाब आणि श्वास यांच्या संयोगातून आजचा सीपीआर घडला.

५/ बदल तिथेही थांबले नाहीत. २००० मध्ये सामान्य मदतनिसाने नाडी तपासण्याची पायरी वगळण्यात आली, कारण त्यात वेळ जाई आणि निदानही चुके. २००५ मध्ये १५ दाबांमागे २ श्वासांऐवजी ३० दाबांमागे २ श्वास आले. २०१० मध्ये श्वासमार्गाऐवजी छातीवरील दाबाला पहिले स्थान मिळाले.

६/ या बदलांमागे एक महत्त्वाचा शोध होता. दाब थांबताच हृदयाच्या स्नायूला होणारा रक्तपुरवठा घसरतो आणि तो पूर्ववत होण्यास पुन्हा अनेक दाब द्यावे लागतात. म्हणून प्रत्येक खंड महाग पडतो.

७/ दुसरे कारण माणसाच्या स्वभावात आहे. सरावाविना हे कौशल्य काही महिन्यांतच क्षीण होऊ लागते. आत्मविश्वास मात्र तितक्या लवकर ओसरत नाही, आणि खरा धोका या तफावतीत आहे.

८/ म्हणूनच वर्षांनंतर परतणाऱ्याचे काम नवख्याहून अवघड असते. नवखा फक्त शिकतो. परतणाऱ्याला आधी विसरावे लागते. जुन्या सवयीने नाडी शोधत राहिलेला हात प्रामाणिकच असतो, पण समोरच्या माणसाच्या मेंदूजवळ मोजकीच मिनिटे उरलेली असतात.

९/ शेफर यांची पद्धत शिकवणारे अडाणी नव्हते; त्यांच्या काळातील उत्तम ज्ञान त्यांच्यापाशी होते. आजचा धडाही उद्या बदलू शकतो. प्रमाणपत्रावरील मुदतीची तारीख ही या शास्त्राने आपल्याच अपुरेपणाची दिलेली कबुली आहे.