चौसाळ्याचं पाणी आणि डी-७६ चं कूळ

चौसाळा हे बीड तालुक्यातलं, सोलापूर–धुळे महामार्गावरचं गाव. इथे घरी कृष्णधवल रोल धुवायचा तर ‘डेव्हलपर कोणता?’ हा प्रश्न आधी पाण्यापाशी येऊन थांबतो. डेव्हलपरचे बहुतेक तक्ते २० अंश सेल्सिअस धरून केलेले असतात. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं आणि काळ्या खडकातून उपसलेलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. म्हणून कुठला डेव्हलपर कोणत्या अडचणीतून जन्मला, हे आधी पाहावं. त्याचे गुण त्या अडचणीतूनच आलेले असतात.

डेव्हलपरचं काम सांगायला साधं आहे: फिल्मवरच्या चांदीच्या उजेड लागलेल्या क्षारकणांची काळी चांदी करायची आणि उजेड न लागलेल्यांना हात लावायचा नाही. एकोणिसाव्या शतकात हे काम पायरोगॅलॉल करी. बोटं काळीपिवळी करणारं, विषारी आणि हवेत झटकन बिघडणारं रसायन. १८८० मध्ये इंग्लंडच्या विल्यम ॲबनीने हायड्रोक्विनोन पुढे आणलं. त्याने काळा रंग गडद येई, पण थंडीत ते आळसावे. मग १८९१ उजाडलं. या एका वर्षात जर्मनीत दोन गोष्टी आल्या, मेटॉल हे रसायन आणि मोम्मे आंद्रेसनचा रॉडिनल हा डेव्हलपर. मेटॉल सावल्यांमधला बारीक तपशील लवकर वर आणतं. हायड्रोक्विनोन जोडीला असलं, की थकलेल्या मेटॉलला ते पुन्हा कामाला लावतं. दोघांच्या बेरजेपेक्षा जोडीचं काम मोठं, म्हणून ही जोडी पुढे जगभर टिकली.

घरात फिल्म धुण्याची आपली परंपरा लहान नाही. १९१२-१३ मध्ये दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ करत होते तेव्हा दादरचं राहतं घर हीच प्रयोगशाळा होती. कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं, या कामांत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई होत्या. भारतीय सिनेमाचा इतिहास सांगताना या ओल्या हातांना अजून पुरेशी जागा मिळालेली नाही, असं मला वाटतं.

डी-७६ या डेव्हलपरचा जन्मही सिनेमासाठीच झाला. एका निगेटिव्हवरून दुसरी निगेटिव्ह काढली की दर खेपेला दाणा वाढतो. ही अडचण सोडवण्यासाठी कोडॅकच्या जॉन कॅपस्टाफने १९२६ मध्ये नवं सूत्र बांधलं: लिटरभर पाण्यात २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, २ ग्रॅम बोरॅक्स. खरी गंमत त्या १०० ग्रॅममध्ये आहे. एवढं सल्फाइट द्रावणाला हवेपासून राखतं आणि चांदीच्या क्षारकणांच्या कडा किंचित विरघळवून दाणा मऊ करतं. बोरॅक्स, म्हणजे सोनाराकडचा टाकणखार, सौम्य अल्कली. त्यामुळे रसायन घाई करत नाही. इल्फर्डचं आयडी-११ याचंच सख्खं भावंड. सिनेमाच्या प्रयोगशाळेतून हे सूत्र स्टुडिओंत गेलं, तिथून हौशी माणसांच्या मोरीत आलं आणि शंभर वर्षांत त्यात फारसं काही बदलावं लागलं नाही.

ते घरी कालवायचं तर क्रम पाळावाच लागतो. पाणी पन्नासेक अंश गरम हवं. चिमूटभर सल्फाइटनंतर आधी मेटॉल. सगळं सल्फाइट आधी घातलं तर मेटॉल विरघळायचं नाव घेत नाही. बोअरच्या जड पाण्यात चुन्याचा साका बसतो आणि निगेटिव्हवर पांढरे डाग उमटतात. म्हणून कालवायला आरओच्या जारचं पाणी घ्यावं, शेवटचं खळखळून धुणंही त्याच पाण्याने करावं.

उन्हाळ्यासाठी माझा कौल १+१ ला, म्हणजे मूळ द्रावणात तेवढंच पाणी मिसळण्याला. इल्फर्डच्या तक्त्यात एचपी-५ प्लस फिल्मला आयडी-११ च्या मूळ द्रावणात २० अंशांवर साडेसात मिनिटं आहेत, १+१ मध्ये तेरा. तापमान चढलं की वेळ आक्रसतो आणि पाच मिनिटांच्या आत आला की फिल्म पट्ट्यापट्ट्यांनी धुतली जाण्याची भीती असते. तेरा मिनिटांपासून सुरुवात केली तर उतरायला जागा राहते. फिल्म धुण्याची टाकी आणि बाटल्या घमेल्यातल्या रांजणाच्या पाण्यात ठेवल्या तर चोवीस अंशांच्या आसपास येणं जमतं, फार तर फ्रीजमधला बर्फ लागतो. फिक्सर आणि धुण्याचं पाणीही त्याच घमेल्यात ठेवावं. गार डेव्हलपरमधून फिल्म एकदम कोमट पाण्यात गेली की मऊ झालेला थर सुरकुततो.

ज्याचा रोल चार-सहा महिन्यांतून एकदा निघतो, त्याने मात्र डी-७६ च्या मागे लागू नये. अर्धी भरलेली बाटली दोनेक महिन्यांत उतरते. त्याच्यासाठी रॉडिनल. दाट द्रावण वर्षानुवर्षं टिकतं, तपकिरी झालं तरी काम करतं. १:५० ने घेतलं तर तीनशे मिलिलिटरला सहा मिलिलिटर पुरे, आणि ते इंजेक्शनच्या सिरिंजने मोजता येतं. इतकं पातळ केल्यावर सल्फाइट नावालाच उरतं, त्यामुळे दाणा विरघळत नाही. चित्र धारदार येतं, पण ४०० वेगाच्या फिल्मवर दाणा ठसठशीत दिसतो. म्हाताऱ्या चेहऱ्यांना, भेगाळलेल्या रानाला तो शोभतो. लग्नातल्या फोटोंसाठी मी डी-७६ च घेईन.