मार्चमधली नोटीस

निवृत्तीनंतर 2009 च्या मार्चमध्ये मी कॅलिफोर्नियात लेकीकडे होते. एक दिवस नात शाळेतून रडतच आली. तिच्या बाईंना ‘पुढच्या वर्षी कामावर घेता येईल की नाही, सांगता येत नाही’ अशी नोटीस मिळाली होती. तिथल्या कायद्याप्रमाणे अशी नोटीस 15 मार्चपर्यंत द्यावी लागते. राज्याचे आर्थिक वर्ष सुरू होते 1 जुलैला. म्हणजे पैसे किती येणार हे कळायच्या आधीच माणसे कमी करायची! इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेले, त्यामुळे मी मागचे शोधू लागले.

तिथे शाळा चालवते स्थानिक ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’. पूर्वी तिचा मोठा आधार गावातल्या घरपट्टीचा. 1968-69 साली श्रीमंत बेव्हर्ली हिल्समध्ये एका विद्यार्थ्यामागे 1,232 डॉलर खर्च होत, तर साध्या वस्तीच्या बाल्डविन पार्कमध्ये 577. आणि शाळेच्या कराचा दर मात्र बाल्डविन पार्कमध्येच दुपटीहून जास्त! ‘सेरानो विरुद्ध प्रीस्ट’ खटल्यात 1971 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही विषमता समतेच्या हक्काविरुद्ध ठरवली.

पुढे जून 1978 मध्ये मतदारांनी ‘प्रपोझिशन 13’ मंजूर केले. मालमत्ता कर 1 टक्क्यावर आला आणि घर विकेपर्यंत त्याचे करासाठीचे मूल्य वर्षाला 2 टक्क्यांहून जास्त वाढवता येईना. घरपट्टीने जेरीस आलेल्या म्हाताऱ्यांना हायसे वाटले. त्यांना मी दोष देणार नाही. पण स्थानिक उत्पन्न आटले आणि शाळा राज्याच्या तिजोरीवर विसंबल्या. त्या तिजोरीत आयकराचा वाटा मोठा. श्रीमंतांची कमाई घटली की तिला ओहोटी. 1988 मध्ये ‘प्रपोझिशन 98’ने शाळांना किमान वाटा बांधून दिला, तरी 2008 च्या मंदीत राज्याने हप्ते पुढे ढकललेच. कितीतरी डिस्ट्रिक्टनी कर्ज काढून वेळ भागवली.

हे वाचताना मला आमचीच शाळा आठवली. पगार शासनाचा, पण वेतनेतर अनुदान थकले की आम्ही खडूसुद्धा मोजून वापरायचो.

तिजोरी एक झाली की गरीब वस्तीला न्याय देता येतो. 2013 पासून कॅलिफोर्नियात गरीब मुलांमागे जादा निधी मिळतो, तो त्यामुळेच. पण अशा वेळी शाळेची वर्षे राजधानीच्या वेळापत्रकावर चालतात, आणि मुलाची तिसरी इयत्ता काही पुढच्या अर्थसंकल्पापर्यंत थांबत नाही.

नातीच्या बाईंची नोटीस पुढे मागे घेतली गेली. ते तीन महिने मात्र त्या रोज हसतमुखाने वर्गात उभ्या राहत होत्या. त्याची नोंद कुठल्या अर्थसंकल्पात होणार?